लाव्ह्यावरची खडी

मुलांनो, गेल्या सोमवारी प्रार्थना संपल्यावर माझ्या चौथीतला एक मुलगा लंगडत वर्गात आला. गुडघा सोललेला, तळहात खरचटलेले, चड्डी धुळीनं पांढरी. आमच्या शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावर सध्या खडी पसरून ठेवली आहे. डांबर अजून यायचंय. कधी येणार, ते मला विचारू नका. त्या खडीत सायकलचं पुढचं चाक घसरलं आणि स्वारी आडवी झाली.

जखम धुतली, औषध लावलं, थोडं ओरडून झालं. मग त्यानं खिशातून एक खडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, हा गुडघ्यात घुसला होता. एवढा टोकदार कसा काय? नदीतले गोटे तर गुळगुळीत असतात."

"अरे, माझे बाबा खडी क्रशरवर आहेत ना," मागच्या बाकावरून उत्तर आलं. "तिथं मशीन मोठ्या दगडाचे तुकडे करतं. म्हणून टोकं येतात."

"आणि मोठा दगड कुठून आणतात?"

"खाणीतून. डोंगर फोडून."

"आणि डोंगर कुठून आला?" आता मी विचारलं.

वर्ग गप्प. मग मी सांगितलं, की आपला हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. एके काळी तो दगड नव्हताच. चुलीवर रटरटणाऱ्या पिठल्यासारखा तो जमिनीच्या भेगांमधून बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. तो लाव्हा होता.

सोललेल्या गुडघ्याचा मुलगा दोन मिनिटं विचार करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे बाई, मी आज लाव्ह्यावर सायकल चालवली?"

"चालवलीस. फक्त साडेसहा कोटी वर्षं उशिरा."

"मग जिथं लाव्हा नवा आहे, तिथं कुणी चालवतं का?"

चालवतात! आणि त्याचंच हे सगळं सांगायचं आहे. आता तुम्हीही नकाशा घ्या.

नकाशावर वसई शोधा. तिथून पट्टी ठेवून पूर्वेकडे आडवी रेघ ओढत जा. बंगालचा उपसागर ओलांडा, आग्नेय आशिया ओलांडा आणि पॅसिफिक महासागरात शिरा. निळ्या पाण्यात बरंच पुढे गेल्यावर हवाई बेटांचा पुंजका लागेल. त्यातलं सगळ्यांत मोठं बेट, त्याचंही नाव हवाईच, तुमच्या रेघेवर येतं. म्हणजे वसई आणि तिथला किलाउएआ ज्वालामुखी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सुमारे १९.४ अंश उत्तरेला. घड्याळ मात्र साडेपंधरा तास मागे. सोमवारी सकाळी दहाला आपण प्रार्थना म्हणतो, तेव्हा तिथं रविवारी संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. (सोमवारची सकाळ नकोशी वाटणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.)

या बेटावर दोन मोठे जागे ज्वालामुखी शेजारी शेजारी आहेत. मौना लोआ ४,१६९ मीटर उंच, तर किलाउएआ साधारण १,२५० मीटर. उंचीनं छोटा, पण उद्योगी. या दोघांभोवतीचा मुलूख १९१६ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला गेला आणि १९८७ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं, की वाघ, बिबट्या डोळ्यांसमोर येतात. इथं वाघाच्या जागी ज्वालामुखी आहे, एवढाच फरक. आणि हा वाघ पिंजऱ्यात नाही.

मी स्वतः हवाईला गेलेली नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. पण नकाशा पसरून त्यावर बोट फिरवत प्रवास करायची मला लहानपणापासून खोड आहे. तर चला, बोटाच्या ऐवजी सायकल घेऊ.

सायकल कोणती? शर्यतीच्या सायकलीचे टायर अंगठ्याएवढे बारीक आणि हवेनं दगडासारखे कडक असतात. डांबरावर ती बाणासारखी जाते, खडीवर मात्र प्रत्येक खड्यावर उडते. डोंगरात चालवायची माउंटन बाइक दणकट खरी, पण जड. या दोघींच्या मधली एक बहीण आहे, तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी आणि बाइक म्हणजे इथं पायडलची सायकल, मोटारसायकल नव्हे. हिचं हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर चांगले दोन बोटं रुंद आणि त्यांत हवा कमी. हवा कमी का? कडक टायर खड्यावर चढतो आणि टणकन उडतो. मऊ टायर खडा पोटात घेतो. उडत नाही, म्हणून चाक जमीन सोडत नाही. आणि चाकानं जमीन सोडली नाही, की सायकल तुमचं ऐकते.

आमच्या गुडघेवाल्याचं काय चुकलं, तेही सांगते. त्यानं खडी पाहिल्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि त्याच वेळी हँडल वळवलं. खडीत हे दोन्ही एकदम करायचं नाही. वेग आधीच कमी करायचा, अंग थोडं मागे ठेवायचं, हँडल आवळून न धरता हलकं धरायचं आणि नजर चाकाखाली न ठेवता दहा-पंधरा पावलं पुढे ठेवायची. जिथं बघाल तिथं सायकल जाते. खड्डाच बघत बसलात, तर खड्ड्यातच जाल.

बरं. उद्यानात शिरताना पहिला नियम कळतो. सायकल फक्त रस्त्यावर आणि ठरवून दिलेल्या वाटांवर. पायवाटांवर नाही. याला कारण आहे. थिजलेल्या लाव्ह्याचा वरचा पापुद्रा काही ठिकाणी पातळ आणि आतून पोकळ असतो. शिळ्या दुधावरच्या सायीवर पाय ठेवून बघा (आईला न विचारता नको).

खडीच्या वाटांमधली एक फार मजेची आहे. नाव एस्केप रोड, म्हणजे पळवाट! लाव्ह्यानं मोठा रस्ता तोडला, तर निसटायला दुसरी वाट हवी, म्हणून ती केलेली आहे. नाहुकू नावाच्या बोगद्याजवळ ती सुरू होते. हा बोगदा माणसांनी खोदलेला नाही, बरं का. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी तिथून लाव्ह्याची नदी वाहिली. वरचा थर थंड होऊन त्याचं छत झालं, आतला लाव्हा वाहून गेला आणि उरली एक नळी. माणूस सहज चालत जाईल एवढी मोठी.

पळवाटेच्या सुरुवातीला दाट, ओलं रान आहे. माणसाच्या डोक्यावरून जाणारी नेच्याची झाडं, ओहिआ नावाच्या झाडाची लाल झुबकेदार फुलं. वाटेत फाटकं लागतात. ती उघडून पलीकडे गेलं, की आठवणीनं लावून घ्यायची. रानडुकरं आत शिरून कोवळी झाडं उकरून काढतात, म्हणून. मग हळूहळू रान विरळ होतं, उजेड वाढतो आणि एकदम समोर काळंच काळं. झाड नाही, माती नाही. मौना उलू आलं.

मौना उलू या हवाईयन शब्दांचा अर्थ 'वाढता डोंगर'. १९६९ च्या मे महिन्यापूर्वी तिथं डोंगर नव्हता. २४ मे १९६९ ला जमीन फाटली आणि १९७४ पर्यंत तिथून लाव्हा येत राहिला. तुमच्या आजी-आजोबांपेक्षा वयानं लहान असलेला डोंगर! वर्गात हे सांगितलं, तेव्हा एका मुलीनं लगेच हिशेब करून तिच्या आजीचं आणि डोंगराचं वय फळ्यावर लिहिलं. आजी सहा वर्षांनी मोठी निघाली.

इथला लाव्हा दोन तऱ्हांचा दिसतो. एक गुळगुळीत, दोरखंड गुंडाळून ठेवल्यासारख्या वळ्यावळ्यांचा. त्याला पाहोएहोए म्हणतात. दुसरा खडबडीत, टोकाटोकांचा, फुटक्या काचेसारखा. त्याचं नाव आ-आ. अनवाणी चालल्यावर माणूस ओरडतो ते हेच, असं गमतीनं म्हणतात. ही दोन्ही नावं हवाईतल्या लोकांची आणि आज जगभरचे भूशास्त्रज्ञ तीच वापरतात. आपल्या सह्याद्रीतल्या दगडांबद्दल लिहितानासुद्धा! सायकलवाल्यांना दोन्हींची धास्ती असते. गुळगुळीत दिसणाऱ्या नव्या पाहोएहोएवर काचेचा पातळ पोपडा असतो आणि त्याच्या कपच्या टायरमध्ये घुसतात. म्हणून पुष्कळ जण ट्यूब न घालता टायरमध्ये एक चिकट द्रव भरतात. भोक पडलं, की तो तिथं जाऊन बसतो आणि भोक बुजतं. आपल्याकडचे पंक्चरवाले काका काय म्हणतील, माहीत नाही.

मौना उलूपासून आपण मोठ्या रस्त्याला लागतो. याचं नाव चेन ऑफ क्रेटर्स रोड. आपण 'विवरांची माळ' म्हणू. डोंगरमाथ्यावरून समुद्राकडे जाणारा हा रस्ता सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्यात १,१२८ मीटर खाली उतरतो. सातवी-आठवीच्या वाचकांनी गणित करावं: दर १०० मीटरला सरासरी किती मीटर उतार? रस्त्यात पाणी नाही, दुकान नाही, सावली तर जवळजवळ नाहीच. उतरताना वारा कानांत शिट्ट्या वाजवतो आणि सगळे खूश असतात. पण समुद्रापाशी पोहोचल्यावर मागे वळून वर बघायचं. आता तेच सगळं चढायचंय! सिंहगडाचा घाट सायकलनं चढलेल्यांना मी सांगते, की तसा दीड-दोन वेळा चढा. म्हणून जाणकार सायकलवाले माथ्यावरच पाणी भरून घेतात आणि निम्म्याहून जास्त पाणी परतीसाठी ठेवतात.

मध्ये एक मोठा कडा लागतो, होलेई पाली. हवाईयन भाषेत पाली म्हणजे कडा. अष्टविनायकातली पाली नव्हे आणि भिंतीवरची तर नव्हेच. वाटेत पिवळ्या पाट्यांवर एका पक्ष्याचं चित्र असतं: सावकाश जा, हा रस्ता ओलांडतो. हा तिथला हंस, नाव नेने. (नेने आडनावाच्या वाचकांनी पत्र पाठवू नये, मी खरंच सांगते आहे.) १९५० च्या सुमारास हे पक्षी जगात जेमतेम तीसेक उरले होते. माणसांनी जपले, पैदास करून पुन्हा सोडले, तेव्हा कुठे वाढले. लाव्ह्यावर चालायचं असल्यामुळे यांच्या बोटांमधला पडदा इतर हंसांपेक्षा कमी असतो. पोहण्यापेक्षा चालणं जास्त, म्हणून.

आता या रस्त्याची गोष्ट. मला सांगायची होती ती खरी हीच.

माथ्याकडचा पहिला तुकडा १९२८ मध्ये झाला. १९६५ मध्ये रस्ता खाली समुद्रापर्यंत उतरवला आणि किनाऱ्यानं कलापाना नावाच्या गावाकडे नेऊन जोडला. गावातल्या लोकांना माथ्यावर जायला आणि माथ्यावरच्यांना खाली यायला सोय झाली. चार वर्षं गेली. १९६९ मध्ये मौना उलू फुटलं आणि सुमारे १९ किलोमीटर रस्ता लाव्ह्याखाली गेला. आलोई आणि आलाए ही रस्त्याकडेची दोन विवरं तर काठोकाठ भरून नाहीशी झाली. विवर बघायला बांधलेल्या रस्त्याचं विवरच गेलं!

उद्रेक थांबला. माणसांनी नवी वाट आखून रस्ता पुन्हा बांधला. १९७९ मध्ये तो सुरू झाला. ३ जानेवारी १९८३ ला पूर्वेकडे पुऊ ओओ फुटलं. १९८६ मध्ये लाव्हा किनाऱ्याच्या रस्त्यावर आला. १९८९ मध्ये किनाऱ्यावरचं उद्यानाचं माहिती केंद्र जळालं. १९९० मध्ये कलापाना गाव गेलं. शंभराहून जास्त घरं, काळ्या वाळूचा प्रसिद्ध किनारा, सगळं. लाव्हा चालत्या माणसापेक्षाही हळू येत होता, म्हणून लोकांना सामान हलवायला वेळ मिळाला. गावातलं रंगीत चित्रांचं लाकडी चर्च त्यांनी अख्खं उचलून ट्रकवर ठेवलं आणि दुसरीकडे नेलं. ते चर्च आजही आहे. ज्या जागी ते होतं, ती जागा मात्र लाव्ह्याखाली आहे.

पुऊ ओओ किती वर्षं चाललं, माहीत आहे? १९८३ पासून २०१८ पर्यंत. पस्तीस वर्षं! 'रस्ता बंद' अशी पाटी लाव्ह्यात अर्धी बुडून उभी आहे, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. पाटी खरं बोलत होती, हे नक्की.

२०१४ मध्ये लाव्ह्यानं दिशा बदलली. तो पाहोआ नावाच्या गावाकडे निघाला. तिथून बाहेर पडायचा मोठा रस्ता एकच. तो तुटला असता, तर त्यापलीकडे राहणारी हजारो माणसं अडकली असती. अडलेल्या मुलांच्या शाळांचं काय करायचं, हा प्रश्न ऐन सत्रात उभा राहिला. एक प्राथमिक शाळा बंद करून तिथल्या मुलांना दुसरीकडे पाठवावं लागलं. हे वाचताना मी जरा थांबले. हजेरीपट, फळा, मुलांनी भिंतीवर लावलेली चित्रं, हे सगळं खोक्यांत भरून आपण निघालो आहोत, असं मनात आणून बघितलं. नाही जमलं.

मग त्यांनी काय केलं? १९८६ पासून लाव्ह्याखाली असलेला किनाऱ्याचा रस्ता पुन्हा काढायचं ठरवलं. डांबर टाकायला वेळ नव्हता. बुलडोझर आणले, लाव्ह्याचे पोपडे फोडले, दाबले, वर खडी पसरली. सुमारे १२ किलोमीटर. जुना रस्ता ज्या लाव्ह्यानं गिळला होता, त्याच लाव्ह्याच्या पाठीवरून हा नवा रस्ता निघाला. लाव्ह्यावर लाव्ह्याचीच खडी.

आणि पाहोआचं काय झालं? लाव्हा तिथल्या स्मशानभूमीतून आला, एक घर जळालं आणि गावच्या मुख्य रस्त्यापासून जेमतेम दीडशे मीटरवर त्याचं टोक थांबलं. शाळेच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघा, म्हणजे दीडशे मीटर किती ते कळेल. पुढे २०१५ मध्ये तो ओघ आटला. शाळा पुन्हा भरली. खडीचा रस्ता मात्र वापरायची वेळच आली नाही.

म्हणून तो सायकलींना मिळाला!

२०१६ च्या मे महिन्यात पुऊ ओओमधून नवा ओघ निघाला. २५ जुलैला त्यानं तोच खडीचा रस्ता ओलांडला आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरला. रस्ता पुन्हा तुटला. पण कलापानाच्या बाजूनं अलीकडचा भाग शिल्लक होता आणि तिथून लाव्हा समुद्रात पडताना दिसत होता. गाड्यांना बंदी, माणसांना आणि सायकलींना परवानगी. चालत गेलं, तर एका बाजूनं साडेसहा-सात किलोमीटर. मग काय! ज्यांच्या गावावर लाव्हा गेला होता, त्यांच्यातल्याच काही जणांनी सायकली भाड्यानं द्यायला सुरुवात केली. रोज दुपार कलली, की सायकलींची रांग निघायची. दोन्हीकडे काळा दगड, एका हाताला समुद्र, पायांखाली खडी. अंधार पडला, की वितळलेला दगड लालभडक होऊन कड्यावरून पाण्यात पडताना दिसायचा. सुमारे अकराशे अंश सेल्सिअसचा दगड आणि समुद्राचं पाणी! वाफेचे ढग उठायचे. त्या वाफेत आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात, म्हणून वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं. परतताना काळोखात फक्त सायकलींच्या दिव्यांची ओळ.

लाव्हा समुद्रात पडत राहिला, की कड्याखाली नवी जमीन तयार होते. नवी कोरी, दिसायला पक्की. पण खाली तिला आधार नसतो, नुसता ढिगारा असतो. म्हणून तिथल्या वेधशाळेतले शास्त्रज्ञ भेगा मोजत असतात आणि त्यांच्या सांगण्यावरून उद्यानाचे रेंजर पांढरी दोरी बांधतात. (ही वेधशाळा १९१२ पासून आहे. किलाउएआचं दुखणंखुपणं शंभरावर वर्षं ती लिहून ठेवते आहे.)

३१ डिसेंबर २०१६. दुपारपासून त्या नव्या जमिनीचे तुकडे समुद्रात कोसळायला लागले होते. रेंजरांनी सगळ्यांना मागे घेतलं. तरी पाच जण दोरीखालून वाकून कड्याकडे निघाले. एक रेंजर त्यांच्यामागे धावला आणि त्यांना परत फिरवून आणलं. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत ते उभे होते तो कड्याचा भाग समुद्रात गेला. त्या दिवशी सगळी मिळून सुमारे २६ एकर जमीन पाण्यात गेली. कुणाला काही झालं नाही. वर्गात हे सांगितल्यावर मुलांचा पहिला प्रश्न होता, "त्या पाच जणांना शिक्षा झाली का?" मला वाटतं, ते पंधरा मिनिटांनी मागे वळून बघतील, तेव्हाच झाली असेल.

पुढे २०१८ मध्ये किलाउएआनं फारच मोठा हिसका दिला. खालच्या वस्त्यांमधली सातशेहून जास्त घरं गेली. माथ्यावरच्या हलेमाउमाऊ विवराचा तळ सुमारे पाचशे मीटर खचला आणि काठावरच्या रस्त्याचा एक तुकडा त्यात पडला. उद्यान १३४ दिवस बंद होतं. मग पुन्हा उघडलं. २३ डिसेंबर २०२४ पासून त्याच विवरात लाव्ह्याची कारंजी थांबून थांबून उडायला लागली. २०२५ मध्ये त्यांतली काही तीनशे मीटरच्याही वर गेली. अशा वेळी सायकलवाल्यांनी सकाळी काय करायचं? आधी रेंजरांचा फलक वाचायचा: कोणती वाट उघडी आहे, हवेत गंधकाचा वायू किती आहे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वायू जास्त असेल त्या दिवशी तिकडे फिरकू नये. फलकावर 'बंद' असेल, तर सायकल भिंतीला टेकवून ठेवायची आणि बसायचं.

आणखी एक. तिथला खडा खिशात घालून आणता येत नाही, तो गुन्हा आहे. हवाईतले मूळचे लोक किलाउएआला पेले देवीचं घर मानतात. लाव्ह्याचे काचेसारखे बारीक तंतू वाऱ्यावर उडतात, त्यांना भूशास्त्रातसुद्धा 'पेलेचे केस' म्हणतात. तरी काही पर्यटक गुपचूप दगड नेतात आणि मग घरी काही वाईट घडलं, की घाबरून पोस्टानं परत पाठवतात! देवीला घाबरून का होईना, पाठवतात. मला विचाराल, तर न नेणं सोपं.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा माझा गुडघेवाला जरा गंभीर दिसला.

"बाई, मग आपल्याकडे परत येईल का लाव्हा? रस्त्यावर?"

प्रश्न बरोबर होता. लाव्हा पुरवणारी शेगडी जमिनीच्या खूप खाली असते आणि जमीन तिच्यावरून हळूहळू सरकत असते. हवाई बेटं अशीच एकामागून एक तयार झाली. शेगडी तिथंच, बेटं सरकत गेली. आपल्याकडे लाव्हा आला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हताच, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे निघालेला होता. आपली शेगडी मागे राहिली. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ती आता हिंदी महासागरात मॉरिशसजवळच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण तिच्यापासून हजारो किलोमीटर पुढे आलो. तेव्हा शाळेच्या रस्त्याला लाव्ह्यापासून भीती नाही. इतर गोष्टींपासून आहे.

पण आपल्याकडेही तसंच घडलं होतं बरं का. एक थर आला, थंड झाला, त्यावर माती झाली. मग दुसरा थर त्यावरून गेला आणि खालची माती भाजून लाल झाली. घाटात एस.टी.च्या खिडकीतून बघा. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा दिसतो. ती त्या वेळची जमीन. असे थरावर थर चढून आपला सह्याद्री पायऱ्यांसारखा झाला. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात आणि शेजारच्या राज्यांत मिळून आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे. तो कुजून झाला तो मुरूम, फोडून केली ती खडी.

पालकांना एक विनंती. मुलांना या सुट्टीत मुरुमाच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर सायकल घेऊन जा. खाणीत नको, क्रशरजवळ तर मुळीच नको. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. मध्येच थांबून रस्त्याकडेचा एखादा फुटका काळा दगड उचला आणि भिंगाखाली धरा. काय काय दिसलं, ते पोस्टकार्डावर लिहून मला संपादकांच्या पत्त्यावर कळवा. उताराच्या गणिताचं उत्तरही त्यातच लिहा.

आम्ही त्या दिवशी वर्गात तेच केलं. गुडघ्यात घुसलेला खडा भिंगाखाली ठेवला. त्याला एका बाजूला मोहरीएवढी दोन-तीन भोकं होती. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूचे हे बुडबुडे. एका भोकात पांढरं, चमचमणारं काहीतरी बसलं होतं. दगड थिजून गेल्यावर पुढे कधीतरी पाणी त्याच्या भोकांमधून झिरपलं आणि त्या पाण्यातून हे स्फटिक जमले. सगळ्या वर्गानं रांग लावून बघितलं. खडा ज्याचा त्याला परत दिला, आता तो त्याच्या कंपासपेटीत असतो. गुडघ्यावर खपली धरली आहे.

डांबर अजून आलेलं नाही.